वैद्यकीय अध्यापकाची पारख त्याच्या माजी विद्यार्थ्यांना विचारून व्हावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दरवर्षी १ जुलैला डॉक्टर दिन आणि ५ सप्टेंबरला शिक्षक दिन येतो. पहिल्या दिवशी वृत्तपत्रांतून रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरांविषयी लिहून येते, दुसऱ्या दिवशी शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांविषयी. ज्यांनी उभी हयात दुसऱ्यांना डॉक्टर करण्यात घालवली, त्या वैद्यकीय अध्यापकांची आठवण मात्र या दोन्ही दिवशी क्वचितच निघते. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मेडिसिन हा विषय अनेक वर्षे शिकवून मी निवृत्त झालो आहे, त्यामुळे या विषयावर लिहिताना मला स्वतःसाठी काही मागायचे उरलेले नाही. मागणे आहे ते आज वॉर्डात उभ्या असलेल्या अध्यापकांसाठी आणि त्याहून अधिक त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मनापासून घडवणाऱ्या अध्यापकांची अधिकृत दखल घेणारी व्यवस्था महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने उभी करावी, ती दखल पदोन्नतीत व कामाच्या वाटपात दिसावी, आणि असा अध्यापक कोण हे ठरवण्याचा मुख्य अधिकार त्याच्या हाताखालून शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना असावा, एवढेच मला या पत्रातून सांगायचे आहे.

वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. एमबीबीएसनंतरचे एमडी किंवा एमएसचे शिक्षण तीन वर्षांचे असते. या काळात विद्यार्थी निवासी डॉक्टर म्हणून रुग्णालयातच राहतो, आणि शासकीय रुग्णालयातील वॉर्ड, अपघात विभाग व रात्रपाळी प्रत्यक्षात त्याच्याच जिवावर चालतात. विभागातील एक मान्यताप्राप्त अध्यापक त्याला मार्गदर्शक म्हणून नेमून दिला जातो. त्याला सगळे गाइड म्हणतात. सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आराखडा विद्यापीठाकडे पाठवणे, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मान्यता मिळवणे, रुग्णांची माहिती गोळा करणे आणि अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध सादर करणे, या प्रत्येक टप्प्यावर गाइडची सही लागते. प्रबंध वेळेत गेला नाही तर तीन वर्षे राबलेल्या मुलाची परीक्षा हुकते. विद्यार्थ्याच्या भवितव्यावर एका व्यक्तीची इतकी सत्ता असताना ती व्यक्ती हे काम कसे करते, हे पाहण्याची कोणतीही नियमित रीत आपल्याकडे नाही. गाइड होण्यासाठी पदवी, अनुभव आणि प्रकाशित लेख तपासले जातात. गाइड झाल्यावर त्याने आपल्या विद्यार्थ्यांचे काय केले, हे पुढे कोणी विचारत नाही.

चांगल्या गाइडची ओळख प्रबंधाचा विषय ठरतानाच पटू लागते. आधीच्या एखाद्या प्रबंधातील साल आणि रुग्णसंख्या बदलून तोच विषय पुढे सरकवणारे गाइड आहेत, तसेच नव्या निवासी डॉक्टरला पहिले काही आठवडे वॉर्ड नीट पाहू देऊन ‘तुला इथे कोणता प्रश्न सुटेनासा वाटतो’ असे विचारणारेही आहेत. आपल्या राज्यात अशा प्रश्नांना तोटा नाही. कोकणात विंचूदंश आहे, पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, यवतमाळच्या कापूसपट्ट्यात कीटकनाशकांची विषबाधा आहे, मुंबईत औषधांना दाद न देणारा क्षयरोग आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या गावात राहून विंचूदंशावर केलेले संशोधन ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचले, ते समोरच्या खाटेवरचा रुग्ण का दगावतो हा प्रश्न त्यांनी सोडला नाही म्हणून. हा हट्ट तरुण डॉक्टरमध्ये आपोआप येत नाही. पंचविशीतल्या, झोपेची उधारी असलेल्या मुलाला आपल्या कुतूहलाची कोणाला तरी किंमत आहे असे दिसावे लागते, आणि ते त्याला दिसते ते गाइड त्याच्या अर्ध्या कच्च्या टिपणावर लाल शाईने दोन पाने भरून देतो तेव्हा.

प्रबंध हा या नात्याचा लहानसा भाग आहे. राउंडवर चुकीचे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला रुग्णासमोर अपमानित न करता त्याच्याकडून बरोबर उत्तर कसे काढून घ्यायचे. नातेवाइकांना मृत्यूची बातमी उभ्या-उभ्या व्हरांड्यात द्यायची नसते, त्यांना बसवून, पाणी देऊन, साध्या मराठीत सांगायची असते हे स्वतः करून कसे दाखवायचे. ‘मला माहीत नाही, उद्या वाचून सांगतो’ हे प्राध्यापकाने दहा जणांसमोर म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी खरोखर वाचून यायचे: या गोष्टी कोणत्याही अभ्यासक्रमात मावत नाहीत. वैद्यकीय शिक्षणाचे नियम करणाऱ्या मेडिकल कौन्सिलने (तिच्या जागी पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोग आला) एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद व नीतिमत्तेचे स्वतंत्र धडे २०१९ पासून घातले, हे चांगलेच झाले. तरीही तरुण डॉक्टर बोलायला शिकतो तो आपले सर किंवा मॅडम रुग्णाशी कसे बोलतात ते रोज पाहून. त्याचप्रमाणे मराठी माध्यमातून आलेला मुलगा केस प्रेझेंटेशनच्या वेळी इंग्रजीला अडखळतो तेव्हा त्याच्या वैद्यकीय विचाराकडे लक्ष देऊन भाषेकडे दुर्लक्ष करणारा अध्यापक, गरोदर निवासी डॉक्टरच्या रात्रपाळ्यांची सोय इतरांवर राग न ओढवता लावणारी विभागप्रमुख, आपल्या घराण्यातून पहिल्यांदाच इथवर पोहोचलेल्या आदिवासी वा दलित विद्यार्थ्याला विभागात पोरके वाटू न देणारा सहयोगी प्राध्यापक, यांनी किती डॉक्टर टिकवले याचा हिशेब कोणीही ठेवलेला नाही.

माझे गाइड आज हयात नाहीत, आणि आपले नाव छापून आलेले त्यांना आवडले नसते. माझ्या बरोबरीच्या एका निवासी डॉक्टरच्या ड्यूटीत एक तरुण रुग्ण दगावला होता. रुग्णांच्या मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये इतर युनिटांकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली, तेव्हा सर उठले आणि म्हणाले की युनिटचा प्रमुख मी आहे, त्यामुळे उत्तरे मी देईन. सगळी उत्तरे त्यांनी दिली. त्यानंतर त्याला आपल्या खोलीत बोलावून त्यांनी ती केस पहिल्यापासून पुन्हा मांडायला लावली, कोणत्या तासाला काय वेगळे करता आले असते ते एकेक करून दाखवले, आणि त्यात जराही सवलत दिली नाही. चारचौघांत पाठीशी उभे राहायचे आणि एकांतात कठोर व्हायचे, हे मी त्या आठवड्यात शिकलो, आणि पुढे माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तसे वागण्याचा प्रयत्न केला. सरांच्या सेवापुस्तकात या प्रसंगाची नोंद असण्याचे कारण नाही. माझे म्हणणे असे की, अशा वागण्याची कुठे तरी नोंद व्हायला हवी.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. मुंबईतील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले, तेव्हा देणगीच्या विश्वस्तांनी अट घातली होती की तेथील अध्यापक भारतीय असावेत. सरकारी महाविद्यालयांतील वरची अध्यापनपदे तेव्हा बहुतांशी ब्रिटिश सरकारच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. या एका अटीमुळे भारतीय अध्यापकांनी भारतीय विद्यार्थ्यांना स्वतःच्या जबाबदारीवर घडवण्याची जागा तयार झाली. डॉ. वसंत रामजी खानोलकरांसारख्या विकृतिशास्त्रज्ञाने तेथे शिकवले. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ या दुर्मीळ रक्तगटाचा शोध जगापुढे मांडला. त्या लेखाच्या लेखकांपैकी डॉ. एच. एम. भाटिया पुढे केईएमच्याच आवारातील इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेचे संचालक झाले. १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण तेथेच केले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित हे १९५६ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. शोध, शस्त्रक्रिया आणि पदे यांच्या तारखा आपल्याकडे आहेत. कोणी कोणाला हाताशी धरून काम शिकवले, कोणाचा पहिला लेख कोणी सहा वेळा तपासून दिला, हा इतिहास जुन्या निवासी डॉक्टरांच्या गप्पांतच राहिला, आणि ती पिढी गेली की तोही जातो. केईएमच्या शताब्दीनिमित्त इमारतींइतकेच या गुरुपरंपरेचेही दस्तऐवजीकरण व्हावे, अशी माझी त्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे.

सेवाग्रामचे उदाहरण याहून वेगळे आणि माझ्या मते अधिक बोलके आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे शिबिराला राहते, आणि अध्यापक त्यांच्यासोबत असतात. घरोघर फिरताना, कुटुंबाची माहिती लिहिताना, संध्याकाळी एकत्र जेवताना अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यात जी ओळख होते ती लेक्चर हॉलमध्ये वर्षभरातही होत नाही. मार्गदर्शन तेथे एखाद्या सज्जन प्राध्यापकाच्या मर्जीवर सोडलेले नाही, संस्थेच्या वेळापत्रकातच त्याला जागा आहे. आयोगाने अलीकडे सर्व महाविद्यालयांना कुटुंब दत्तक योजना लागू केली आहे. तिच्यातून सेवाग्रामसारखे काही उभे राहील की तो आणखी एक फॉर्म ठरेल, हे विद्यार्थ्यांसोबत गावात जाणाऱ्या अध्यापकाला आपण किती किंमत देतो यावर अवलंबून राहील.

आता सध्या काय मोजले जाते ते पाहू. पदोन्नतीसाठी सेवेची वर्षे, ठरलेल्या संख्येने शोधनिबंध, आणि अध्यापन व संशोधन पद्धतीचे विहित अभ्यासक्रम लागतात. हजेरी आधारशी जोडलेल्या प्रणालीवर लागते. महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी खाटा, बाह्यरुग्ण संख्या, शस्त्रक्रियांची संख्या मोजतात. यातल्या कशालाच माझा विरोध नाही. गैरहजर अध्यापकांच्या नावावर महाविद्यालये चालवण्याचे प्रकार देशाने पाहिले आहेत आणि हजेरी मोजायलाच हवी. मात्र शोधनिबंधांच्या नियमाने एक दुखणे निर्माण केले, त्याची चर्चा पुरेशी होत नाही. २०१५ मध्ये तत्कालीन मेडिकल कौन्सिलने ठरवले की पदोन्नतीसाठी पहिल्या दोन लेखकांपैकी असलेल्यालाच त्या लेखाचे श्रेय मिळेल. २०२० मध्ये ही अट थोडी सैल होऊन पहिले तीन लेखक किंवा पत्रव्यवहाराचा लेखक (लेखाबाबत नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा) अशी झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षे रुग्ण तपासून, रक्ताचे नमुने स्वतः प्रयोगशाळेत नेऊन जो प्रबंध लिहिला, त्यावर आधारित लेखात पहिले नाव त्याचे असावे, यात कोणाला शंका असू नये. पण गाइडची पदोन्नती त्याच यादीतील क्रमावर अवलंबून असते, विभागप्रमुखांचीही तीच गरज असते, सहगाइडचीही असते. ज्या नियमाने अध्यापकाच्या पुढे जाण्याला विद्यार्थ्याच्या मागे राहण्याशी बांधले, त्या नियमाखाली जो अध्यापक आपल्या विद्यार्थ्याचे नाव पहिले ठेवतो, तो आपल्या पदरचे काही देत असतो. अशा अध्यापकाला व्यवस्थेकडून आज काय मिळते, तर पदोन्नतीच्या अर्जात एक लेख कमी.

मार्गदर्शनाचे अधिकृत मोजमाप अगदीच नाही असे नाही. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी आहेत हे गुणोत्तर विचारले जाते, आणि त्यामुळे बहुतेक महाविद्यालयांत मेंटॉर-मेंटी याद्या, रजिस्टरे आणि सह्यांचे तक्ते असतात. गुणोत्तर नेहमीच उत्तम असते. त्या यादीतल्या अध्यापकाला आपल्या यादीतील मुलांपैकी किती जणांची नावे चेहऱ्यासह सांगता येतील, हा प्रश्न त्या तक्त्यात नाही.

याची झळ कुठवर पोहोचते ते राष्ट्रीय वैद्यक आयोगानेच नेमलेल्या कृती दलाच्या २०२४ च्या अहवालात दिसते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर या दलाने ऑनलाइन पाहणी केली. तिला उत्तरे देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आपल्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे सांगितले. पाहणीत कोण उतरले आणि कोण उतरले नाही यामुळे आकडा थोडा इकडे-तिकडे होऊ शकेल, तरी तो डोळ्यांआड करण्याजोगा नाही. कामाचे तास, वसतिगृहांची दुरवस्था, विद्यावेतनाची दिरंगाई ही कारणे मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रत्येक संपात मांडली जातात आणि ती खरी आहेत. त्यांच्या जोडीला माझ्या अनुभवातले एक कारण असे की, अनेक निवासी डॉक्टरांना संपूर्ण रुग्णालयात विश्वासाने ज्याच्याकडे जावे असा एकही वरिष्ठ नसतो. मुंबईत २०१९ मध्ये एका तरुण निवासी डॉक्टरच्या मृत्यूने सगळा महाराष्ट्र हादरला. ते प्रकरण न्यायालयापुढे गेले, त्याच्या तपशिलात मी जाणार नाही. पण त्यानंतर रॅगिंगविरोधी समित्या, हेल्पलाइन आणि फलक यांवर जितका भर दिला गेला, त्याच्या निम्मा भर तरी विद्यार्थ्याला रात्री अकरा वाजता फोन करता येईल असा अध्यापक ओळखून त्याला बळ देण्यावर द्यायला हवा होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

हा प्रश्न आजच का निकडीचा झाला, तर महाविद्यालयांच्या संख्येमुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. गडचिरोली आणि हिंगोलीच्या मुलांना आपल्या जिल्ह्यात डॉक्टर होता यावे, याचा मला मनापासून आनंद आहे. इमारत, यंत्रसामग्री आणि खाटा पैशाने उभ्या राहतात. गाइड मात्र आधीच्या गाइडकडूनच तयार होतो, आणि त्याला दहा-पंधरा वर्षे लागतात. जुन्या महाविद्यालयांतील अनुभवी अध्यापक नव्या ठिकाणी विभागले जात आहेत, अनेक पदे मुदतीच्या कंत्राटावर भरली जात आहेत, आणि तपासणी जवळ आली की अध्यापकांना एका महाविद्यालयातून दुसरीकडे तात्पुरते पाठवण्याची पद्धत आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. कंत्राटाची मुदत वाढेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तीन वर्षांच्या विद्यार्थ्याची जबाबदारी कशी घ्यायची? प्रबंध अर्धा झालेला असताना गाइडची बदली होते आणि नवा गाइड केवळ सहीपुरता उरतो, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना यातील त्रास वेगळा सांगावा लागणार नाही.

इतर देशांनी या बाबतीत केलेल्या दोन गोष्टी आपल्याला उपयोगी पडतील अशा आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून के-२४ नावाचे अनुदान दिले जाते. रुग्णांवर आधारित संशोधन करणाऱ्या मधल्या टप्प्यातील अध्यापकाला नव्या संशोधकांना शिकवता यावे म्हणून त्याच्या कामाचा काही वेळ त्यातून मोकळा केला जातो. म्हणजे तेथे मार्गदर्शनाला वेळ लागतो हे मान्य करून त्या वेळेचे पैसे मोजले जातात. दुसरी गोष्ट ‘नेचर’ या नियतकालिकाने २००५ पासून चालवलेल्या मार्गदर्शन पुरस्काराची. तो दरवर्षी एखाद्या वेगळ्या देशातील किंवा प्रदेशातील शास्त्रज्ञांना दिला जातो, आणि त्यासाठीचे नामांकन त्या शास्त्रज्ञाच्या हाताखालून वेगवेगळ्या काळात गेलेल्या पाच जणांनी मिळून करायचे असते. कुलगुरूंची शिफारस किंवा स्वतःचा अर्ज तेथे चालत नाही. तिकडेही सगळे आलबेल आहे असे नाही: २००६ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे आढळले होते की वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना, आणि काही शाखांत तर अध्यापकांपैकी पाचव्या हिश्श्याहून कमी जणांना मार्गदर्शक होता, आणि स्त्रियांना तो मिळणे अधिक कठीण जात होते. त्यांनी निदान मोजून पाहिले. आपल्याकडे डॉ. बी. सी. रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत नामवंत वैद्यकीय अध्यापकांसाठी वेगळा वर्ग आहे आणि त्याचा मान मोठा आहे, पण तो थोड्या जणांच्या वाट्याला आणि बहुधा कारकिर्दीच्या उतरणीवर येतो. अनेक संघटना ‘उत्तम शिक्षक’ म्हणून शाल-श्रीफळ देतात. त्याने सत्कारमूर्तींचा आनंद वाढतो, विभागातील कामाची वाटणी बदलत नाही.

माझी सूचना अशी आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे एमडी-एमएस उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाची आणि त्याच्या गाइडची नोंद असते. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या आणि पुन्हा सात-आठ वर्षे झालेल्या डॉक्टरांना विद्यापीठाने गोपनीय प्रश्नावली पाठवावी. तीन वर्षांनी विचारले की परीक्षेची भीती आणि सहीची सत्ता संपलेली असते. सात-आठ वर्षांनी विचारले की कोणी गोड बोलून सोडून दिले आणि कोणी कठोर होऊन शिकवले यातला फरक माणसाला कळलेला असतो. प्रश्न थोडे आणि रोखठोक असावेत: प्रबंधाचा विषय कोणी सुचवला, मसुदा किती वेळा तपासला गेला, लेख छापला गेला असल्यास पहिले नाव कोणाचे होते, रात्री अडचण आली तर गाइडला फोन करता येत होता का, तुमच्या चुकीच्या वेळी ते कसे वागले, आणि आज कठीण रुग्ण समोर आला तर तुम्ही कोणाला आठवता. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नेमलेला गाइड नसून विभागातील दुसरेच कोणी असेल, तर तेही लिहिण्याची सोय हवी. पुष्कळदा खरे शिकवणे सहायक प्राध्यापक किंवा सीनियर रेसिडेंट करतात आणि नाव वरच्यांचे राहते. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांसारख्या विभागांतील अध्यापकांनाही यातून वगळू नये. पहिल्या वर्षी घाबरलेल्या मुलाला जे सावरतात ते बहुधा याच विभागांतले असतात. आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे सक्तीचे आहे, तेथे त्यांना शिकवणाऱ्या जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञांचाही विचार व्हावा, कारण अध्यापक म्हणून त्यांची गणना कुठेच होत नाही.

अशा रीतीने ज्यांची नावे वारंवार पुढे येतील, त्यांना काय द्यावे? माझ्या मते रोख रक्कम हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. आठवड्यातून अर्धा दिवस ओपीडीतून सूट द्यावी आणि तो वेळ विद्यार्थ्यांसाठी राखलेला आहे हे ड्यूटीच्या तक्त्यावर लिहावे. पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंधाइतकेच वजन या नोंदीला असावे. राष्ट्रीय नियम बदलायला वेळ लागेल, पण राज्याच्या सेवेतील ज्येष्ठता, पदस्थापना आणि विभागप्रमुखपद यांत राज्य आपल्या अधिकारात हे करू शकते. विद्यार्थ्याचा प्रबंध पूर्ण होईपर्यंत अशा अध्यापकाची बदली किंवा प्रतिनियुक्ती करू नये. आणि नव्या दहा महाविद्यालयांतील तरुण अध्यापकांना त्यांच्या विभागात काही आठवडे जाऊन, ते राउंड कसा घेतात, मसुदा कसा तपासतात, मीटिंगमध्ये कसे बोलतात हे पाहता यावे, यासाठी प्रवास आणि निवासाचा खर्च शासनाने करावा.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. विद्यार्थी लाडक्या आणि सैल गाइडलाच चांगले म्हणतील, असे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात. शिकत असतानाच विचारले तर तसे होईल, म्हणूनच मी वर्षे जाऊ द्यावीत म्हणतो. मी स्वतः ज्या डॉक्टरांशी याविषयी बोललो, त्यांतील बहुतेकांनी आपल्या सर्वांत कडक अध्यापकाचेच नाव आदराने घेतले. दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. गुरु-शिष्याचे नाते गुणपत्रिकेत मांडले की त्यातला निर्मळपणा जातो, आणि जे आजवर मनाने करत आले तेही उद्या गुणांसाठी करू लागतील, अशी भीती एका सहकाऱ्याने बोलून दाखवली. ही भीती मला पूर्णपणे दूर करता येत नाही. एवढेच म्हणेन की सध्याची व्यवस्थाही तटस्थ नाही. ती लेखांना गुण देते, म्हणजे विद्यार्थ्यासाठी खर्च झालेल्या प्रत्येक तासाला ती अप्रत्यक्षपणे दंड करते. निःस्वार्थ माणसे तो दंड सोसून काम करत राहतात, पण त्यांच्याकडे पाहणारा तरुण अध्यापक काय शिकतो, हे वैद्यकीय शिक्षण विभागाने स्वतःला विचारावे. शिवाय दुसरीही बाजू आहे. विद्यार्थ्याला घरची कामे सांगणारे, सही अडवून धरणारे, जातीवरून किंवा लिंगावरून टोमणे मारणारे गाइड आहेत, आणि एकट्या विद्यार्थ्याची तक्रार त्यांच्याविरुद्ध टिकत नाही. वर्षानुवर्षे वेगवेगळ्या तुकड्यांकडून गोपनीयपणे आलेली उत्तरे एकाच दिशेने बोट दाखवू लागली, तर नवे विद्यार्थी त्यांच्याकडे नेमताना विद्यापीठाला थांबता येईल.

सुरुवात लहान असली तरी चालेल. मेडिसिन, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग आणि बालरोग या चार विषयांत, तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या एकाच तुकडीला विद्यापीठाने पत्र पाठवावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आयोगाची परवानगी लागत नाही, आणि टपाल व एका कारकुनाचा वेळ याहून मोठा खर्च येत नाही. विद्वत्परिषदेतील सदस्यांपैकी कोणी हा विषय पुढच्या बैठकीत मांडायला तयार असतील तर प्रश्नावलीचा कच्चा मसुदा मी तयार ठेवला आहे. आपल्या कार्यालयामार्फत तो त्यांच्याकडे पोहोचवता येईल.

आपला विश्वासू,

एक निवृत्त वैद्यकीय अध्यापक, सांगली

(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)